नग आणि नगं

आमच्या भागात फोटोग्राफरला 'हसा' म्हणायची सोय नाही. म्हणजे म्हणता येतं, पण समोरचा हसेलच याची खात्री नसते. कन्नडमध्ये हस म्हणायला 'नग' म्हणतात, आदरानं म्हणायचं तर 'नग्री'. आणि आमच्या मराठीत 'नगं' म्हणजे नको. बिदर-कलबुर्गीच्या या पट्ट्यात एकाच घरात दोन्ही भाषा नांदतात. आई एक बोलते, बाप दुसरी, शेजारची खाला तिसरीच. त्यामुळं कॅमेऱ्यामागून कुणी 'नग, नग' म्हणालं की समोरच्याच्या चेहऱ्यावर क्षणभर गोंधळ उडतो. हसायचं की थांबायचं? त्या क्षणभराच्या गोंधळावर मी माझं अख्खं दुकान चालवलंय म्हटलं तरी चालेल.

दुकान म्हणजे मन्नाएखेळ्ळीला हायवेच्या कडेचा फोटो स्टुडिओ. एका बाजूला खताचं दुकान, दुसऱ्या बाजूला चहाचा गाडा, समोरून दिवसभर ट्रक. लेन्सवरची धूळ पुसून पुसून माझा रुमाल कायम मळका असतो आणि बायको त्यावरून कायम बोलते. पासपोर्ट साइज, स्थळाला दाखवायचे फोटो, लग्नं, जावळं, घरभरणी, सगळं करतो. कुणी विचारलं, फोटोग्राफर कामून झालात, तर मी सांगतो, शाळेत मन लागेना. ऐकणाऱ्याला ते पटतं आणि विषय संपतो. खरं कारण दुकानातच भिंतीवर टांगलंय, पण ते सांगायला वेळ लागतो.

तो एक काळा-पांढरा फोटो आहे. त्यात माझी अक्का आहे, सात-आठ वर्षांची, आणि तिच्या मांडीवर मी. आमची आई उदगीरकडची. लग्न होऊन इकडं आली तेव्हा तिला कन्नड म्हणजे कुणीतरी डब्यात खडे हलवल्यासारखं वाटायचं. पोरांनी आधी आपली भाषा बोलावी म्हणून तिनं आम्हाला मराठीतच वाढवलं आणि अप्पांनी ते मुकाट्यानं चालवून घेतलं. तर या आईनं एकदा आम्हा दोघांना हुमनाबादला स्टुडिओत नेलं. तिथला फोटोग्राफर काळ्या कापडात डोकं घालून वाकला आणि अक्काला हसू फुटलं. डालग्याखाली कोंबडी शिरल्यासारखं दिसत होतं, असं ती अजून सांगते. मी मात्र रडायच्या बेतात होतो. म्हणून तो बिचारा कापडातूनच मला म्हणायला लागला, 'नग, नग, नग.'

अक्काला वाटलं, आपल्यालाच दटावतोय. हसायला नगं म्हणतोय. तिनं एकदम तोंड मिटलं, पण आत आलेलं हसू काही परत जाईना. तेवढ्यात फोटो निघाला. ओठ घट्ट मिटलेले, गाल फुगलेले, आणि डोळ्यांत हसू मावत नाही. मी त्या फोटोत कॅमेऱ्याकडं बघतच नाही. मान वर करून तिच्या तोंडाकडं बघतोय, हिला झालं काय म्हणून.

घरात तो फोटो देवळीच्या वर लागला. आल्यागेल्याला आई तो किस्सा सांगायची, आणि दरवेळी माणसं आधी फोटोकडं बघून हसायची आणि मग किस्सा ऐकून पुन्हा हसायची. लहानपणी मला त्याचं फार नवल वाटे. इतर घरांतल्या फोटोंतली माणसं खांबासारखी उभी असत. आमच्या फोटोतली पोरगी अजून हसू दाबतच होती. एवढ्या वर्षांत तिला ते दाबून टाकायला जमलं नव्हतं. असला फोटो आपल्याला काढता यावा, एवढंच माझ्या डोक्यात होतं. फोटोग्राफर व्हावं वगैरे नंतरचं.

बारावीनंतर मी त्याच स्टुडिओत शिकायला गेलो. कापडाखालचा माणूस तोवर म्हातारा झाला होता आणि सगळे त्याला उस्ताद म्हणत. तो मराठी, कन्नड आणि दखनी एका घोटात बोलायचा. 'नग्री अम्मा, हिलो नक्को, मान वर घ्या,' असं एका वाक्यात तीन राज्यांचं काम करायचा. मी मोठ्या भक्तिभावानं त्याला आमचा फोटो दाखवला. म्हटलं, उस्ताद, हा तुम्ही काढलाय. त्यानं चष्मा वर करून बघितलं आणि म्हणाला, 'बहुत बच्चे आए मियाँ. सब रोए.' आणि चहा सांगितला. माझ्या फोटोग्राफर होण्याचं कारण त्याच्या लेखी एक बिघडता बिघडता वाचलेली प्लेट होती.

त्याच्याकडून मी उजेड शिकलो, हात स्थिर ठेवायला शिकलो, रडक्या पोरांशी बोलायला शिकलो. एका बाबतीत मात्र आमचं कधी जमलं नाही. तो माणूस हसला की बटण दाबायचा. मी हसू ओसरायची वाट बघायचो. दात झाकले जातात, ओठ जागेवर येतात, पण डोळ्यांना अजून बातमी पोचलेली नसते, तेव्हा दाबायचो. उस्ताद वैतागायचा. पुढं माझी गिऱ्हाइकंही वैतागली. 'असं कामून दिसायलंय तोंड? नीट हसलो हुतो की मी.' माझी बायको तर म्हणते, तुमच्या फोटोतली माणसं नुकतंच काहीतरी विसरल्यासारखी दिसतात. तरी लोक येतात. लांबून, औरादकडून, आळंदकडून येतात. आमच्या माणसाला तुम्ही आमच्या माणसासारखा दाखवता, म्हणतात. ही माझी हातोटी आहे, आपण ती कमावली आहे, असा माझा बरीच वर्षं समज होता.

अक्काचं लग्न होऊन ती निंबर्ग्याला गेली. शेती आणि किराण्याचं दुकान असलेलं घर. तिचं हसणं निंबर्ग्यात सगळ्यांना ठाऊक. दुकानात ती हसली की पलीकडच्या गल्लीतली बाई विचारायची, काय झालं गं. फोनवर बोलायची तर मी फोन कानापासून हातभर लांब धरायचो. मला ती 'तम्मा' म्हणते, धाकट्या भावाला म्हणतात तसं. माझे केस पांढरे झाले तरी तिच्या लेखी मी तम्माच.

तिच्या मुलीचं लग्न ठरलं त्या हिवाळ्यात एका सकाळी अक्का चूळ भरायला गेली आणि पाणी डाव्या बाजूनं आपोआप गळालं. तिला वाटलं, झोप गेली नाही अजून. मग आरशात बघितलं. डावा गाल उतरला होता, ओठाचा कोपरा खाली आला होता, डावा डोळा मिटता मिटत नव्हता. गावात कुणी म्हणालं लकवा, कुणी म्हणालं वारं लागलं. कलबुर्गीला नेलं. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी सगळं तपासून सांगितलं की मेंदूला काही नाही, चेहऱ्याची शीर सुजलीय. गोळ्या दिल्या, डोळ्यात टाकायचं औषध दिलं, तोंडाचे व्यायाम सांगितले. बऱ्याच जणांचं परत येतं, म्हणाल्या. सगळं येईल का, हे मात्र आत्ता सांगता येत नाही.

दवाखान्यातून अक्का निंबर्ग्याला गेलीच नाही. थेट माझ्याकडं आली. पदर तोंडावर घेतलेला, एकच डोळा दिसत होता. पहिल्या दिवशी जेवण झाल्यावर तिनं सांगून टाकलं.

'लगीन हुतंय तवर मी हितंच ऱ्हाते. मांडवात माझी जाऊ उभारंल.'

'पोरीच्या लग्नात आई नाही, असं कुठं असतंय का?'

'हे तोंड घेऊन जाऊ? पाहुण्यांनी काय म्हणायचं, हे घराण्यात हाय का म्हणून? आणि तुझे ते फोटूवाले. माणसं चार दिवस बोलून गप बसतेत तम्मा, फोटू गप बसत न्हाई.'

माझ्या धंद्याविषयी इतकं खरं मला कुणी सुनावलं नव्हतं. भाची कडगंचीला विद्यापीठात शिकत होती. तिला फोनवर हे कळलं तेव्हा ती शांतपणे म्हणाली, 'मामा, आई न्हाई तर मी बी उभारत न्हाई.' ती तिच्या आईचीच मुलगी. बोलली म्हणजे करणार. लग्न उन्हाळ्यात होतं आणि हातात हिवाळा तेवढा होता. तेवढ्यात अक्काचं तोंड जागेवर यायला हवं होतं, नाहीतर आमच्या घरात काय होणार होतं हे मला बघवलं नसतं.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या, फोटो काढून ठेवा, फरक कळतो. मी म्हटलं, हे तर आपलंच काम. दुकानाच्या मागच्या खोलीत उत्तरेकडं खिडकी आहे, तिथला उजेड सकाळी मऊ असतो. तिथं स्टूल टाकलं आणि अक्काला म्हटलं, दर चार-आठ दिवसांनी इथं बसायचं, त्याच जागी, तसंच.

'नगं,' ती म्हणाली.

'नग,' मी म्हणालो.

आमच्या घरातला हा फार जुना विनोद. एरवी यावर ती हमखास हसायची. त्या दिवशी तिनं पदर आणखी ओढून घेतला. शेवटी, फोटो तिला दाखवायचे नाहीत, या अटीवर बसली.

मी हजारो चेहरे बघितलेत, पण असा एकच चेहरा, एकाच जागी, एकाच उजेडात, पुन्हा पुन्हा कधी बघितला नव्हता. भुवया वर कर म्हटलं की एक वर जायची, दुसरी ऐकायची नाही. गाल फुगव म्हटलं की वारा डावीकडून फुस्स करून निघून जायचा. प, फ, ब, भ, म म्हणायचा व्यायाम होता. अक्का 'पापड' म्हणायला जायची आणि भलतंच काहीतरी बाहेर पडायचं. माझी बायको तिच्यासमोर बसून तिच्याबरोबर पापड, बाभूळ, मामा म्हणायची, नणंदेला एकटं वाटू नये म्हणून. त्या दोघींची शाळा भरली की मी बाहेर गाड्यावर चहा प्यायला जायचो. मला ते ऐकवत नव्हतं.

कारण फोटोंत काही फरक पडत नव्हता. बाहेर विचारलं तर मी म्हणायचो, येतंय, येतंय. मशीनवर, म्हणजे दुकानातल्या कॉम्प्युटरवर, फोटो शेजारी शेजारी लावले की काही येत नव्हतं. दुसऱ्या कुणाला फसवता येतं, पण चेहरे बघून ज्याचं पोट चालतं त्यानं स्वतःला कसं फसवायचं? मी घाबरलो होतो. अक्काचं हसणं ही आमच्या घरात पाण्यासारखी गोष्ट होती, नळ सोडला की येणारी. ते बंद पडू शकतं हे मला कधी सुचलंच नव्हतं.

मधेच एक भलतंच झालं. भाची रविवारी कडगंचीहून आईला भेटायला आली. मी हुमनाबादला एका लग्नाच्या कामावर होतो. दुपारी तिनं मोबाइलवर फोटो पाठवला, आईचा आणि स्वतःचा, गालाला गाल लावून काढलेला सेल्फी. अक्कानं काढू दिला म्हणून मला बरं वाटलं. मग मी फोटो मोठा केला. उजवी बाजू उतरली होती. डावी ठीक होती, उजवी उतरली होती. म्हणजे आता दुसऱ्या बाजूला झालं. मी सोबतच्या माणसाच्या हातात कॅमेरा दिला, नवरदेवाच्या काकाला काय सांगितलं ते मला आठवत नाही, आणि मोटारसायकल काढली. वाटेत सगळं ठरवून टाकलं, गाडी कुणाची घ्यायची, हैदराबादला न्यायचं की सोलापूरला.

घरी आलो तर अक्का ओट्यावर तूर निवडत बसलेली. मी तिची हनुवटी धरून तोंड उजेडाकडं फिरवलं. डावी बाजू उतरलेली, पहिल्यासारखीच. उजवी ठणठणीत.

'काय करायलास रे? लग्न सोडून आलास व्हय?'

मी मोबाइल पुढं केला. भाचीनं बघितलं, माझ्याकडं बघितलं आणि म्हणाली, 'मामा, ह्यो पुढचा कॅमेरा हाय. ह्यात उलटं येतंय.'

मीच दिवसातून दहा गिऱ्हाइकांना हे सांगतो. मोबाइलमध्ये तुम्ही स्वतःला आरशासारखं उलटं बघता, म्हणून माझा फोटो तुम्हाला परका वाटतो, असं भाषण माझ्या तोंडपाठ आहे. आणि मी हुमनाबादहून धापा टाकत आलो होतो. अक्का माझ्याकडं बघत राहिली. मग तिला हसू आलं. अर्ध्याच तोंडाला आलं, डावी बाजू गप्पच होती, पण आवाज पूर्ण होता. शेजारची खाला विचारत आली, क्या हुआ जी. आजारानंतर अक्का पहिल्यांदा हसली ती माझ्या अडाणीपणावर. मला त्याचं काही वाटलं नाही. नवरदेवाच्या काकांनी नंतर फोनवर जे ऐकवलं त्याचंही वाटलं नाही.

त्यानंतर काही दिवसांनी, सकाळी, आम्ही तिघं चहा पीत होतो. अक्का चहा बशीत ओतते. कपानं प्यायला तिला जमतच नाही, आणि आजारपणात बशी हनुवटीला टेकवून प्यायची, खाली रुमाल धरून. चहा गरम होता. ती काहीतरी बोलत होती, निंबर्ग्यातल्या कुणाच्या तरी सुनेविषयी, आणि बोलता बोलता तिनं बशीवर फुंकर घातली. बशीतल्या चहावर सुरकुती उठली आणि कडेपर्यंत गेली. अक्काच्या ध्यानात आलं नाही. माझ्याही आलं नाही. बायकोनं कप खाली ठेवला.

'अक्का, परत फुंका बरं.'

'कामून?'

'फुंका तर.'

तिनं फुंकलं. ओठांचा चंबू झाला होता. कसाबसा, एका बाजूला ओढलेला, पण झाला होता. वारा जिथून जायला पाहिजे तिथून गेला होता. अक्कानं बशी खाली ठेवली आणि उगाच हवेत फुंकायला लागली. मग माझ्या बायकोच्या तोंडावर फुंकलं. मी दुकानाची किल्ली घेऊन बाहेर पडलो, दुकान उघडलं, मागच्या खोलीत त्या रिकाम्या स्टुलावर बसलो आणि मनसोक्त रडलो. पुढं शटर उघडंच होतं. कुणी आलं असतं तर आलं असतं.

पुढं मात्र भराभर येत गेलं. डोळा मिटायला लागला, भुवई हलायला लागली, पापडाला पापड म्हणता यायला लागलं. पत्रिका छापायला टाकल्या तोवर डॉक्टरीणबाई खूष होत्या. आलंय, छान आलंय, म्हणाल्या. आता राहिलंय थोडं, ते येईल, किंवा नाही येणार.

राहिलेलं थोडं म्हणजे ओठाचा डावा कोपरा. तो तसूभर खालीच होता. अक्का एवढे दिवस आरसा टाळत होती, आता तिनं तो हातातून सोडलाच नाही.

'न्हाई तम्मा. अजून वाकडंच हाय. ह्ये बघ.'

मी बघितलं. होतं. मशीनवर सगळे फोटो ओळीनं लावले, त्यातही होतं. म्हटलं, लग्नातल्या फोटोग्राफरला मी ओळखतो, मशीनवर तेवढं सरळ करायला सांगतो, अल्बममध्ये कुणाला कळणार नाही.

'आणि मांडवातल्या लोकांच्या डोळ्यात कुठलं मशीन बसवशील?'

ती निंबर्ग्याला फोन करून जावेला साडी कुठली नेसायची ते सांगायला लागली. भाची तिकडं हट्टाला पेटलेली. मी मधे, दोघींचे निरोप ऐकून घेत.

अशात भाचीनं एक काम सांगितलं. लग्नात मोठ्या पडद्यावर आईबापाचे लहानपणापासूनचे फोटो दाखवतात ना, तसे दाखवायचे होते. आई असो नसो, तिचे फोटो तरी असतील, म्हणाली. मी दुकानातला तो काळा-पांढरा फोटो भिंतीवरून उतरवला, फ्रेम सोडवली आणि स्कॅन केला. चरे आणि डाग काढायला म्हणून पडद्यावर मोठा केला. अक्काचं तोंड पडद्याएवढं झालं.

ओठाचा डावा कोपरा खाली होता.

मी दुरुस्ती करायची थांबलो. कालचा फोटो उघडून शेजारी लावला. एका बाजूला सात-आठ वर्षांची पोरगी, दुसऱ्या बाजूला लग्नाच्या मुलीची आई. तोच कोपरा, तेवढाच खाली, तसाच. आजार येऊन गेला होता आणि जाताना सगळं जिथल्या तिथं ठेवून गेला होता. राहिलंय म्हणून आम्ही ज्याला रडत होतो ते मुळातलंच होतं.

एवढी वर्षं तो फोटो माझ्या डोळ्यांपुढं होता आणि मला हे दिसलं नव्हतं. का दिसावं? मला तोंड म्हणजे काय हे त्याच फोटोनं शिकवलं होतं. मग मी माझे जुने फोटो काढून बघायला लागलो, गिऱ्हाइकांचे, कितीतरी वर्षांचे. दाबलेलं हसू, मिटलेले ओठ, आणि किंचित फिरवलेली मान. मी सगळ्यांना मान थोडी उजवीकडं घ्यायला सांगतो, कशासाठी ते मलाच ठाऊक नव्हतं. तसं केलं की डावा कोपरा खाली गेल्यासारखा दिसतो. ज्याला मी माझी हातोटी समजत होतो ती माझी अक्का होती. औरादपासून आळंदपर्यंतच्या माणसांच्या तोंडावर मी तिचं तोंड शोधत बसलो होतो. मला हसू आलं, आणि फार हलकं वाटलं. आपण काही कमावलं नव्हतं, आपल्याला ते मांडीवर बसून मिळालं होतं.

दोन्ही फोटोंची प्रिंट काढली आणि जेवायच्या वेळेला घरी नेली. अक्का ताटं घेत होती. मी प्रिंट तिच्यापुढं धरल्या. तिनं आधी जुना बघितला, मग नवा, मग परत जुना. आरसा आणायला आत गेली, बाहेर आली. बराच वेळ तिघींकडं बघत होती, म्हणजे दोन फोटोंतल्या आणि आरशातल्या.

'ह्ये पयल्यापासूनच वाकडं हाय व्हय?'

'व्हय.'

'मंग इतकी वर्सं सांगितलं न्हाईस कामून?'

'दिसलंच नाही.'

'फोटूवाला म्हणं,' ती म्हणाली आणि ताटात भाकरी वाढली. जेवण झाल्यावर तिनं जावेला फोन लावला आणि सांगितलं की ती मोरपंखी साडी तू नेसू नकोस, मी नेसते.

लग्न निंबर्ग्याला झालं. मी मामा, त्यामुळं कॅमेऱ्याला हात लावायची मला परवानगी नव्हती. भाचीला हाताला धरून मांडवात आणायचं, मागं उभं राहायचं, एवढंच काम. फोटोला कलबुर्गीचा एक पोरगेला माणूस होता, डोक्यावरून ड्रोन फिरवत होता, आणि माझ्यासारख्या जुन्या माणसाकडं बघून आदरानं मान हलवत होता. अक्षता पडल्या. मग घरच्यांचा फोटो घ्यायला सगळे उभे राहिले. नवरानवरी मधे, अक्का लेकीच्या शेजारी, मोरपंखी साडीत, पदर खांद्यावर, तोंड उघडं. मी तिच्या पलीकडं. आता कुणी काही म्हणेल का, कुणी निरखून बघेल का, हेच माझ्या डोक्यात. कुणीही बघत नव्हतं. सगळ्यांना जेवायची घाई होती.

त्या पोरानं कॅमेरा डोळ्याला लावला. बाकीचे हसले होते. अक्का ओठ मिटून, नीट, जपून उभी होती. त्यानं तिलाच उद्देशून हाक मारली, 'अक्का, नग्री. नग्री अक्का.'

'नगं,' अक्का म्हणाली. मोठ्यानं, मराठीत, त्या पोराला काही कळायच्या आत. आणि मग तिला राहवलं नाही.

मी ते येताना बघितलं. आधी डोळे, मग उजवी बाजू, मग किंचित उशिरानं डावी. ती आली. पूर्ण आली. वाजंत्र्यांच्या वर आवाज गेला.

तो फोटो आता दुकानात आहे, जुन्याच्या शेजारी. धंद्याच्या दृष्टीनं माझा त्याहून वाईट फोटो सापडायचा नाही. माझा फेटा घसरलेला, तोंड उघडं, डोळे भरलेले, आणि मान अक्काकडं पूर्ण वळलेली. सगळं वऱ्हाड कॅमेऱ्याकडं बघतंय. पासपोर्ट साइजला आलेली माणसं रांगेत उभी राहून दोन्ही फोटो बघतात आणि विचारतात, मामा, एवढे मोठे फोटूवाले तुम्ही, दोन्हीत कॅमेऱ्याकडं कामून बघितलं न्हाई?

मी म्हणतो, अक्काकडं बघायलो होतो. आणि त्यांची मान थोडी उजवीकडं फिरवतो.